'र' न म्हणता येणारी तारका : के फ्रान्सिस आणि बोलपटाची पहिली दहा वर्षे

निळीशाई (धागाकर्ती)

बोलपट आला आणि मूकपटातले तारे आवाजापायी बुडाले, ही कथा आपण इतक्या वेळा ऐकलेली आहे की तिची शहानिशा करावी असे कोणाला फारसे वाटत नाही. जॉन गिल्बर्टचा आवाज चिरका निघाला, विल्मा बँकीचा हंगेरियन हेल अमेरिकन प्रेक्षकांना मानवला नाही, ही त्यातली ठरलेली उदाहरणे. गिल्बर्टचे बोलपट आज ऐकले तर तो आवाज चारचौघांसारखाच वाटतो, पण कथा मात्र टिकून आहे. या कथेत कुठेच न बसणाऱ्या एका अभिनेत्रीबद्दल, के फ्रान्सिसबद्दल, बरेच दिवस लिहायचे मनात होते.

के फ्रान्सिसला इंग्रजीतला 'र' नीट म्हणता येत नसे. त्या जागी 'व'कडे झुकणारा उच्चार येई, आणि तिची थट्टा करणारे तिचे आडनाव 'फ्वान्सिस' असे म्हणत. चित्रपट बोलू लागले त्या वर्षी असा दोष घेऊन कोणी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले असते, तर आपल्या कथेप्रमाणे तिला पहिल्या दिवशीच घरी पाठवायला हवे होते. प्रत्यक्षात तिने पडद्यावर पाऊल ठेवले तेच बोलपटातून, आणि १९३०च्या दशकाच्या मध्यावर ती वॉर्नर ब्रदर्सची सर्वांत महागडी अभिनेत्री होती. पुढे तिची घसरण झाली, पण तिच्या 'र'चा त्या घसरणीशी काही संबंध नव्हता. तिला खाली आणले ते करारपत्राने. माझे सांगणे एवढेच आहे, पण ते नीट सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

तिचे जन्मनाव कॅथरीन एडविना गिब्ज. जन्म १३ जानेवारी १९०५चा, ओक्लाहोमा सिटीतला. त्या वेळी ओक्लाहोमाला राज्याचा दर्जासुद्धा मिळालेला नव्हता. आई कॅथरीन क्लिंटन या नावाने फिरत्या नाटक मंडळ्यांत काम करी. वयाच्या सतराव्या वर्षी मुलीने जेम्स ड्वाइट फ्रान्सिस याच्याशी लग्न केले. ते लग्न लवकरच मोडले, आडनाव मात्र तिने जन्मभर जवळ ठेवले. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये 'हॅम्लेट' आधुनिक पोशाखात सादर झाले, त्यात नाटकातल्या नाटकातली राणी तिने केली. १९२८ साली ती वॉल्टर ह्यूस्टनबरोबर रंगमंचावर आली आणि पुढच्याच वर्षी 'जंटलमेन ऑफ द प्रेस' या पहिल्या बोलपटात पुन्हा त्याच्याचबरोबर दिसली. त्याच वर्षी मार्क्स बंधूंच्या 'द कोकोनट्स'मध्ये तिने हिऱ्यांच्या हारावर डोळा असलेली पेनेलपी केली. हे दोन्ही चित्रपट पॅरामाउंटच्या न्यूयॉर्कमधील अ‍ॅस्टोरिया स्टुडिओत झाले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण ब्रॉडवेवरचे नट दिवसा अ‍ॅस्टोरियात चित्रीकरण करून संध्याकाळी नाटकाला उभे राहू शकत. बोलपटाला बोलणारी माणसे हवी होती, आणि ती नदीपलीकडे, ब्रॉडवेवर आयती मिळत होती.

मग ती हॉलिवूडला गेली. विल्यम पॉवेलबरोबर तिची जोडी जमली आणि १९३० सालीच तिने रोनाल्ड कोलमनबरोबर 'रॅफल्स' केला. वॉर्नर ब्रदर्सनी पॅरामाउंटकडून पॉवेल, रूथ चॅटर्टन आणि के फ्रान्सिस असे तिघे एकदम फोडले, त्याची त्या काळी चांगलीच बोंब झाली. १९३२ हे तिचे सर्वोत्तम वर्ष. 'ज्युवेल रॉबरी', 'वन वे पॅसेज' आणि 'ट्रबल इन पॅरडाइज' हे तिन्ही त्याच वर्षीचे. या तिन्हींतला शेवटचा पॅरामाउंटचा, अर्न्स्ट लुबिच यांनी दिग्दर्शित केलेला.

त्या चित्रपटातले एक दृश्य सांगते. मादाम कोले ही सुगंधी द्रव्यांच्या कंपनीची मालकीण, आणि तिच्याकडे चिटणीस म्हणून राहिलेला गास्तों हा खरा चोर. संध्याकाळचे पाच वाजलेले आहेत. पडद्यावर फक्त एक घड्याळ दिसते. माणसे दिसत नाहीत, त्यांचे बोलणे तेवढे कानावर येते. चित्र बदलते, घड्याळाचे काटे पुढे सरकलेले असतात आणि पुन्हा आवाज येतात. असे करत करत रात्र होते आणि दोघांच्या मनात काय शिजते आहे ते आपल्याला चेहरा न पाहता कळते. लुबिच यांनी जिचा चेहरा आणि पोशाख पाहायला लोक तिकीट काढत त्या बाईला पडद्यावरून उचलून बाजूला ठेवले आणि तिचा 'सदोष' आवाज तेवढा प्रेक्षकांच्या हाती दिला. आवाज हेच तिचे व्यंग असते, तर इतका कसलेला दिग्दर्शक हे धाडस करता ना.

करारपत्राबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, नाहीतर हा मजकूर फार लांबेल.

तिरकस

धागा आवडला, पण एक शंका आहे. ही त्या गिब्ज सेक्रेटरी-शाळा काढणाऱ्या बाईंची मुलगी ना? मी तरी तसेच वाचलेले आहे.

निळीशाई

नाही. नावसाधर्म्यामुळे हा घोटाळा झाला आणि तो बराच काळ छापला गेला. त्या कॅथरीन गिब्ज वेगळ्या. हिची आई अभिनेत्री, आणि फिरत्या मंडळीत पुष्कळदा आज जेवण तर उद्या उपास असा प्रकार असतो. प्रसिद्धी खात्याला साहजिकच घरंदाज पार्श्वभूमी अधिक सोयीची वाटली असावी.

मधुमालती

मी व्यवसायाने स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून 'र'बद्दल थोडे लिहिते. आपल्या मराठीतला 'र' जिभेच्या टोकाने हिरड्यांमागे हलका फटका मारून होतो. तो ज्या मुलांना जमत नाही ती बहुधा 'ल'चा आसरा घेतात, म्हणून आपल्याकडे बोबडा मुलगा 'राम' ऐवजी 'लाम' म्हणतो. अमेरिकन 'र'मध्ये जीभ कुठेच टेकत नाही; ती मागे ओढली जाते किंवा वर वळते आणि ओठ किंचित गोल होतात. जिभेने आपले काम केले नाही की मागे उरतात फक्त गोल झालेले ओठ, आणि गोल ओठांचा उच्चार म्हणजे 'व'. मराठी कानाला 'र'चा 'व' होणे विचित्र वाटते, परंतु इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांत हा अगदी नेहमीचा दोष आहे. त्यामुळे मोठ्या माणसाच्या तोंडी तो आला की ऐकणाऱ्याला राग येत नाही, काहीसे बाळबोध, लाडिक वाटते. फ्रान्सिसची उंच देहयष्टी, गडद केस, खालच्या पट्टीतला संथ आवाज आणि त्यात मध्येच येणारा हा मऊ 'व' असे मिश्रण झाले असेल, तर तो दोष तिच्या पथ्यावर पडला असेल असे मला वाटते.

ध्वनिफीत

मधुमालतींच्या विवेचनाला तांत्रिक बाजूची जोड देतो. मी ध्वनिमुद्रणाच्या कामातून निवृत्त झालेलो आहे. १९२९च्या सुमाराची यंत्रणा फार वरच्या कंपनसंख्या पकडत नसे, आणि जेवढ्या पकडे त्यांत 'स', 'श' यांची शीळ ही मोठी डोकेदुखी असे. 'र' आणि 'व' यांचा मुख्य भार खालच्या कंपनसंख्यांवर असतो. म्हणजे तिचा दोष यंत्राला त्रास देणारा नव्हताच. यंत्राला नकोशी होती ती उंच, टोकदार पट्टी आणि फुत्कारणारा 'स'. तिचा मूळ स्वर खालचा असल्याने तो त्या मायक्रोफोनवर भरदार उतरला. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्या कित्येकांची बोलपटात पंचाईत झाली ती नेमकी उलट कारणाने.

'द कोकोनट्स'चा उल्लेख झाला म्हणून सांगतो. त्या वेळी कॅमेऱ्याचा घरघराट ध्वनीत उतरू नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही एका बंद, हवा न खेळणाऱ्या खोक्यात कोंडून ठेवत. मायक्रोफोन फुलदाणीत, पडद्याआड, जिथे जागा मिळेल तिथे दडवलेला असे आणि नटांना त्याच्या आसपासच घोटाळावे लागे. त्या चित्रपटात नकाशा उलगडताना कागदाची अशी काही कडकड मुद्रित होई की शेवटी कागद पाण्यात भिजवून वापरले. ग्राउचो मार्क्सच्या हातातला नकाशा पोतेऱ्यासारखा लोंबताना दिसतो, तो त्यामुळेच.

तिरकस

एवढे कौतुक वाचून माझ्यातला खवट माणूस जागा झाला. के फ्रान्सिस म्हणजे कपडे, असे तिच्या काळचे लोकच म्हणत. पॅरामाउंटमध्ये ट्रॅव्हिस बँटन आणि वॉर्नरमध्ये ऑरी-केली यांनी शिवलेले झगे चालते-फिरते दाखवणे हे तिचे काम. अभिनय म्हणाल तर एक भुवई वर, डोळ्यांत पाणी आणि त्यागाची तयारी. बेटी डेव्हिस त्याच स्टुडिओत होती. दोघींचे काम शेजारी ठेवून पाहा. करारपत्राला दोष देणे सोपे आहे. प्रेक्षक कंटाळले असण्याची शक्यता तुम्ही विचारातच घेत नाही.

निळीशाई

तिरकस, तुमचा अर्धा मुद्दा मान्य आहे. १९३३ नंतरचे तिचे पुष्कळ चित्रपट मला शेवटपर्यंत पाहवत नाहीत. सोसणारी आई, सोसणारी डॉक्टरीण, सोसणारी अभिनेत्री, आणि प्रत्येक दुःखासाठी वेगळा पोशाख. त्यातही 'मँडले'सारखा एखादा अपवाद निघतो. १९३६ साली 'द व्हाइट एंजल'मध्ये तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेलची भूमिका मिळाली, झगे गेले, गंभीर चरित्रपट आला, आणि तो अपेक्षेइतका चालला नाही. तिथे ती अवघडलेली दिसते हेही खरे.

परंतु हलक्याफुलक्या, चतुर संवादांत ती किती सहज वावरते हे १९३२ साली सिद्ध झालेले असताना तिला पुढे रडायला कोणी बसवले, हा प्रश्न उरतोच. 'ट्रबल इन पॅरडाइज'मध्ये ती सव्वा लाख फ्रँकची पर्स ज्या बेफिकिरीने विकत घेते आणि हरवल्यावर ज्या शांतपणे वीस हजारांचे बक्षीस जाहीर करते, त्यात एक भुवईसुद्धा वर जात नाही. मिरियम हॉपकिन्स तिच्यासमोर चपळ, लबाड, सतत हलणारी. फ्रान्सिस जवळजवळ स्थिर. पैशाची सवय असलेल्या माणसाला घाई नसते, हे तिने देहबोलीतून दाखवले आहे. पण भूमिका निवडण्याचा अधिकार तिला नव्हता. १९३४च्या जुलैपासून हॉलिवूडने चित्रपटांसाठी घालून घेतलेल्या नीतिनियमांची अंमलबजावणी कडक झाली आणि त्या जातीचे चित्रपट काढणेच कठीण झाले. 'ट्रबल इन पॅरडाइज'ला तर पुनःप्रदर्शनाची परवानगीही मिळाली नाही आणि तो १९६८पर्यंत पेटीत पडून राहिला. म्हणजे तिचे सर्वोत्तम काम पाहण्याची सोय एका अख्ख्या पिढीला नव्हती. तिच्याबद्दलचे मत बनले ते उरलेल्या रडक्या चित्रपटांवरून.

आता करारपत्र. त्या काळचा सात वर्षांचा करार बाहेरून दिसे तसा दोन्ही बाजूंना सारखा बांधणारा नव्हता. ठरावीक मुदतीनंतर करार पुढे चालवायचा की सोडायचा हे स्टुडिओ ठरवी. कोणती भूमिका करायची हे स्टुडिओ ठरवी, दुसऱ्या कंपनीला नट भाड्याने द्यायचा की नाही हेही तोच. भूमिका नाकारली तर पगार बंद, आणि घरी बसलेले दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. नट जितका भांडेल तितका त्याचा करार लांबत जाई. वॉर्नरमध्ये याविरुद्ध ओळीने खटले झाले. १९३६ साली जेम्स कॅग्नी जिंकला, त्याच वर्षी बेटी डेव्हिस लंडनच्या न्यायालयात हरली. १९३७ साली के फ्रान्सिसने दावा लावला. 'तोवारिच' या चित्रपटातली भूमिका तिला देण्याचे ठरले होते, ती क्लॉडेट कोलबेर हिला देण्यात आली, हे निमित्त.

दावा न्यायालयाबाहेर मिटला आणि मग स्टुडिओने तिचे नाक दाबायला घेतले. आठवड्याला ५,२५० डॉलर घेणाऱ्या अभिनेत्रीला ब्रायन फॉय यांच्या स्वस्त चित्रपटांच्या विभागात टाकले. दुय्यम पटकथा, तुटपुंजा खर्च, भराभर उरकलेले चित्रीकरण. हेतू उघड होता : अपमान सोसवेना झाला की ती स्वतःहून करार सोडेल आणि उरलेला पगार वाचेल. तिने करार सोडला नाही. दिलेले प्रत्येक काम केले, दर आठवड्याचा पगार घेतला आणि मुदत भरल्यावर बाहेर पडली. डॉक्टरिणीची भूमिका असलेल्या 'किंग ऑफ द अंडरवर्ल्ड'ची श्रेयनामावली जरूर पाहावी. चित्रपटाच्या नावाच्या वर मोठ्या अक्षरांत हम्फ्री बोगार्ट, जो तेव्हा अजून मोठा तारा झालेला नव्हता. आणि के फ्रान्सिसचे नाव खाली, लहान अक्षरांत.

मे १९३८ मध्ये स्वतंत्र चित्रपटगृहांच्या मालकांनी जाहिरात देऊन काही ताऱ्यांना 'तिकीटबारीचे विष' ठरवले, त्यात तिचेही नाव होते. पण त्याच यादीत ग्रेटा गार्बो, जोन क्रॉफर्ड, कॅथरीन हेपबर्न आणि मार्लिन डीट्रिक होत्या, त्यामुळे तिरकस यांच्या 'प्रेक्षक कंटाळले' या मुद्द्याला मी त्या यादीचा आधार मानत नाही. हेपबर्न त्यातून वर आली, कारण तिने 'द फिलाडेल्फिया स्टोरी' या नाटकाचे चित्रपटहक्क हाती ठेवून मगच स्टुडिओशी बोलणी केली. फ्रान्सिसच्या हाती असे काही नव्हते.

वकिली_बाणा

कराराबद्दल एक पुरवणी. दिवस जोडत नेण्याची ही पद्धत मोडली ती ऑलिव्हिया डी हॅविलंडच्या खटल्याने, तोही वॉर्नरविरुद्धच. सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेवरची सात वर्षे, काम केलेल्या दिवसांची बेरीज नव्हे, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९४४ साली दिला. विशेष म्हणजे त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. मुदतीची मर्यादा आधीच कायद्यात होती, तिचा अर्थ कोणी न्यायालयाकडून नीट लावून घेतलेला नव्हता. फ्रान्सिसने तडजोड केली नसती तर हा निकाल सात वर्षे आधी लागला असता का, हे सांगता येणार नाही, कारण तिचा वाद मुदतीचा नव्हता, कबूल केलेल्या भूमिकेचा होता.

चौथी_घंटा

वॉर्नर सोडल्यावर तिचे पुढे काय झाले? मी तिला फक्त 'इन नेम ओन्ली'मध्ये, कॅरी ग्रँटला घटस्फोट न देणाऱ्या पत्नीच्या भूमिकेत पाहिले आहे, आणि तिथे ती मला भलतीच आवडली. इतकी गोड बोलून इतकी वाईट वागणारी बाई त्या काळच्या चित्रपटात विरळाच.

निळीशाई

तो १९३९चा, वॉर्नर सोडल्यावर लगेचचा. पुढे दुय्यम भूमिका मिळत गेल्या. युद्धकाळात, १९४२ साली, ती कॅरोल लँडिस, मार्था रे आणि मिट्झी मेफेअर यांच्याबरोबर इंग्लंड आणि उत्तर आफ्रिकेत सैनिकांसमोर कार्यक्रम करून आली, आणि त्यावर 'फोर जिल्स इन अ जीप' हा चित्रपट निघाला. १९४५-४६ मध्ये मोनोग्रॅम या गरीब कंपनीसाठी तिने तीन चित्रपट केले. त्यांची नावे सहसा तिच्या अधोगतीचा पुरावा म्हणून घेतली जातात. मला ते तसे वाटत नाही, कारण त्या तिन्हींची ती सहनिर्माती होती. 'अलॉटमेंट वाइव्ह्ज'मध्ये सैनिकांशी खोटी लग्ने लावून त्यांच्या कुटुंबभत्त्यावर डल्ला मारणाऱ्या टोळीची ती म्होरकी आहे. खर्च केलेला कुठेच दिसत नाही, पण त्यागाची मूर्ती उतरवून ठेवल्याचा सुटकारा तिच्या चेहऱ्यावर दिसतो. त्यानंतर काही वर्षे नाटके, आणि मग निवृत्ती.

२६ ऑगस्ट १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले. दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम तिने अंध व्यक्तींसाठी वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या 'द सीइंग आय' या संस्थेच्या नावे ठेवली. वॉर्नरने द्यायचे टाळू पाहिलेले पगारही त्यात असणार, या विचाराने मला दर वेळी बरे वाटते. तिच्या रोजनिशा वेस्लियन विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांतला काही भाग तिने लघुलिपीत लिहिलेला आहे.

तिरकस

अर्धा मुद्दा मान्य केल्याबद्दल आभार; उरलेला अर्धा मी 'किंग ऑफ द अंडरवर्ल्ड'ची श्रेयनामावली पाहून मागे घेतो. अक्षरांचा तो फरक मुद्दाम केल्यासारखाच वाटतो.

मधुमालती

काल रात्री 'वन वे पॅसेज' पाहिला. जेमतेम सव्वा तासाच्या आतला चित्रपट आहे, म्हणून ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी इथून करावी. हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले जहाज, त्यावर फाशीची शिक्षा झालेला, पकडून नेला जात असलेला पॉवेल आणि मरणाला टेकलेली फ्रान्सिस. दोघांनाही एकमेकांची अवस्था ठाऊक नसते. कथेला अकादमी पुरस्कार मिळाला होता असे नंतर कळले. (पुढच्या ओळींत शेवट उघड होतो; ज्यांना पाहायचा आहे त्यांनी थांबावे.) दर वेळी मद्य प्याल्यावर ते पेले फोडून त्यांच्या दांड्या एकमेकींवर आडव्या ठेवतात. नववर्षाच्या रात्री भेटायचे वचन दिलेले असते. त्या रात्री पडद्यावर ती दोघे येतच नाहीत. काच फुटल्याचा आवाज येतो, दारूच्या गुत्त्यावरचे नोकर वळून पाहतात, तर एकमेकींवर ठेवलेल्या दोन दांड्या. मूकपटात हा शेवट असा करता आला नसता.

'र' ऐकण्याच्या इराद्याने बसले होते. पहिली दहा मिनिटे व्यवसायाच्या सवयीने मोजले, नंतर मोजायचे राहून गेले.